लिव्हरपूलची दोन गाणी आणि स्मरणाचा पुरावा

लिव्हरपूल हे नाव जुन्या मुंबईच्या चांगले परिचयाचे होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ ह्या काळात यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडात येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासली. त्या चार वर्षांत लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव काय फुटला ह्यावर मुंबईच्या पेढ्यांचे दैव अवलंबून असे. आणि युद्ध संपून भाव कोसळताच मुंबईतल्या कितीएक श्रीमंतांची दिवाळी निघाली. आजचा माझा विषय लिव्हरपूलचाच आहे. परंतु तो कापसाचा नाही, गाण्याचा आहे.

१९६७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात बीटल्स ह्या चौघा तरुणांच्या गायकवृंदाची एक लहान तबकडी बाजारात आली. अमेरिकेत ती १३ फेब्रुवारीला निघाली व इंग्लंडात १७ फेब्रुवारीला. अशा तबकडीला तिकडे ‘सिंगल’ म्हणतात. तिच्या दोन बाजूंवर एकेक गाणे असते. एक बाजू मानाची, दुसरी भरतीची, असा सर्वसाधारण रिवाज. ह्या तबकडीच्या दोन्ही बाजू मात्र मानाच्या ठरविण्यात आल्या. एका बाजूस जॉन लेननचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ होते, दुसऱ्या बाजूस पॉल मॅकार्टनीचे ‘पेनी लेन’. दोन्ही नावे त्यांच्या लहानपणच्या लिव्हरपूलमधील खऱ्याखुऱ्या ठिकाणांची. तबकडीच्या वेष्टनाच्या मागल्या अंगास चौघांची बालपणीची छायाचित्रे छापली होती. म्हणजे विषय कोणता, ह्याबद्दल कोणाची गैरसमजूत होण्याचे कारण नव्हते.

ही गाणी जगभर गाजली, त्यांच्या चालींवर पुष्कळ लिहिले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांच्याविषयी एक वेगळाच प्रश्न विचारावासा वाटतो. मोठ्या झालेल्या माणसाने आपल्या बालपणाविषयी रचलेले गाणे हा पुरावा म्हणून कितपत मानावा? आणि मानावयाचा, तर तो कशाचा पुरावा?

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजीतल्या ‘नॉस्टॅल्जिया’ ह्या शब्दाला मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. प्रतिशब्द चांगला रुळला आहे, पण मूळ अर्थ त्यात उतरलेला नाही. योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बासेल येथील आपल्या प्रबंधात ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हा शब्द घडविला, आणि तो घडविला एका रोगाचे नाव म्हणून. घरापासून दूर राहणारी स्विस माणसे घराच्या ओढीने खंगतात, त्यांना झोप लागत नाही, अन्न जात नाही, असे त्या रोगाचे वर्णन होते. आपल्या शब्दात रंजन आहे. होफरच्या शब्दात दुखणे आहे.

ह्या दुखण्याचा आणि गाण्याचा संबंधही जुना आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ रूसो ह्याने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात स्विस गुराख्यांच्या एका चालीविषयी लिहिले आहे. परदेशी पलटणींत चाकरीस असलेल्या स्विस शिपायांपुढे ती चाल वाजविण्यास मनाई होती; कारण ती ऐकताच शिपाई रडू लागत, पळून जात, कित्येकदा प्राणही सोडीत, असे तो सांगतो. पुढे तो जे म्हणतो ते अधिक महत्त्वाचे आहे. ह्या परिणामाचे कारण त्या सुरांत शोधू नका, कारण परक्यावर तेच सूर काहीच परिणाम करीत नाहीत. ऐकणाऱ्याच्या स्मरणात काय साठविलेले आहे, त्यावर सारे अवलंबून आहे. सूर ही केवळ खूण, साठा माणसाचा. जात्यावरच्या ओवीत माहेरच्या वाटेचे नुसते नाव आले तरी दळणारणीचा गळा का दाटतो, ह्याचेही उत्तर तेच आहे.

आता त्या दोन मुलांच्या साठ्यात काय होते ते पाहू. जॉन लेननचा जन्म ९ ऑक्टोबर १९४० चा, पॉल मॅकार्टनीचा १८ जून १९४२ चा. दोघेही युद्धातली मुले. १९४१ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जर्मन विमानांनी लिव्हरपूलवर व आसपासच्या गोदीवर जो भडिमार केला, त्यात सुमारे १,७०० माणसे मेली. युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. इंग्लंडात मिठाई व गोळ्या ह्यांच्यावरील नियंत्रण १९५३ च्या फेब्रुवारीत उठले आणि शेवटचे रेशन १९५४ च्या जुलैत. म्हणजे मनासारखी चॉकलेटे विकत घेता आली तेव्हा लेनन बारा वर्षांचा झाला होता.

लेननचे वडील जहाजावर नोकरीस, बहुधा घराबाहेरच. आईवडील विभक्त झाल्यावर पाचसहा वर्षांच्या जॉनला त्याची मावशी मिमी व तिचा नवरा जॉर्ज स्मिथ ह्यांनी आपल्या घरी आणले. घर मेनलव्ह ॲव्हेन्यूवर, वुल्टन ह्या बऱ्यापैकी सुखवस्तू उपनगरात. तेथून जवळच बीकन्सफील्ड रोडवर ‘स्ट्रॉबेरी फील्ड’ नावाची एक जुनी हवेली होती. साल्व्हेशन आर्मीने, म्हणजे आपल्याकडे जिला मुक्तिफौज म्हणतात त्या संस्थेने, ती १९३४ साली घेऊन १९३६ मध्ये तेथे निराधार मुलांसाठी आश्रम उघडला होता. दर उन्हाळ्यात तेथे जत्रेसारखा एक मेळावा भरे, मुक्तिफौजेचा बँड वाजे, आणि तो ऐकू येताच मावशीने लवकर चलावे म्हणून जॉन उतावीळ होई. एरवी तो व त्याचे सोबती तेथल्या झाडीत खेळावयास घुसत.

पेनी लेन हा तेथून शहराच्या बाजूला असलेला रस्ता. त्याच्या टोकाच्या चौकालाही लोक त्याच नावाने ओळखीत. तेथे बसगाड्या बदलावयाच्या, म्हणून शाळकरी मुलांचा तो नित्याचा थांबा. न्हाव्याचे दुकान, बँक, मध्यावर बसची वाट पाहणाऱ्यांसाठी निवारा, आणि त्या रस्त्यावरच्या सेंट बार्नबस चर्चच्या गायकमुलांत काही काळ पॉल. अशी ती जागा होती. कोणत्याही गावात असते तशी.

ह्या दोघांची पहिली भेट ६ जुलै १९५७ रोजी वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या मेळाव्यात झाली. त्यांच्या मैत्रीचे कारण संगीत, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिला एक दुसराही धागा होता. पॉलची आई मेरी सुईण होती. कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी ती वारली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. जॉनची आई ज्युलिया जवळच राहत असे. त्याला पहिले सूर तिनेच बँजोवर शिकविले. १५ जुलै १९५८ रोजी बहिणीच्या घरून परतताना मेनलव्ह ॲव्हेन्यू ओलांडीत असता मोटारीखाली सापडून ती मरण पावली. तेव्हा जॉन सतरा वर्षांचा होता. दोन पोरक्या मुलांनी मिळून गाणी रचावयास घेतली होती, ही गोष्ट पुढचे वाचताना ध्यानात असावी.

आपल्या गावावर गाणे करावे हा विचार लेननच्या मनात आधीपासून होता. स्वतःच्या आयुष्यावर का लिहीत नाहीस, असे एका पत्रकाराने त्याला सुचविले होते. त्यावरून १९६५ साली ‘इन माय लाइफ’ हे गाणे त्याने लिहावयास घेतले. त्याचा पहिला खर्डा ब्रिटिश लायब्ररीत पाहावयास मिळतो. घरापासून शहरापर्यंतच्या बसच्या वाटेवरील ठिकाणांची ती जवळजवळ यादीच आहे, आणि पेनी लेनचे नाव तिच्यात आहे. लेननला ती रुक्ष वाटली. त्याने सारी नावे गाळली आणि कोणालाही लागू पडेल असे सर्वसामान्य गाणे केले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा खर्डा नीट पाहावा. १९६५ मध्ये नावे गाळावीशी वाटली, आणि दीड वर्षातच ती दोन गाण्यांची शीर्षके झाली. मध्यंतरी काय घडले?

घडले ते असे की, बीटल्सचे फिरणे थांबले. तीन वर्षे जगभर दौरे करून चौघे थकले होते. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचे वाद्य ऐकू येत नसे. १९६६ च्या उन्हाळ्यात मनिलाहून त्यांना धक्काबुक्की सोसून निघावे लागले, आणि लेननच्या ख्रिस्तविषयक उद्गारांवरून अमेरिकेत त्यांच्या तबकड्यांच्या होळ्या झाल्या. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे शेवटचा दौऱ्यातला कार्यक्रम झाला आणि चौघे चार दिशांस गेले. जॉर्ज हॅरिसन सप्टेंबरात मुंबईस आला, ताजमहाल हॉटेलात उतरला, आणि पंडित रविशंकरांजवळ सतारीचे धडे घेऊ लागला. लेनन रिचर्ड लेस्टरच्या एका चित्रपटात काम करण्यासाठी स्पेनमध्ये अल्मेरिया येथे होता. चित्रीकरणात रिकामा वेळ पुष्कळ. आणि कित्येक वर्षांत प्रथमच तो एकटा होता. तेथे, घरापासून दूर, त्याने स्ट्रॉबेरी फील्डवरचे गाणे रचावयास घेतले. होफरच्या रोग्याचे वर्णन येथे तंतोतंत लागू पडते. घर दूर गेल्यावाचून त्याची आठवण रोगाचे रूप घेत नाही.

ध्वनिमुद्रणास २४ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत सुरुवात झाली आणि सुमारे चार आठवडे ते काम चालले. आरंभीचे सूर मेलोट्रॉन ह्या वाद्याचे आहेत. त्याची पट्टी दाबली की आत ठेवलेल्या फितीवर आधीच मुद्रित करून ठेवलेला बासरीचा आवाज वाजतो. वाजविणारा मॅकार्टनी. हॅरिसनने ह्या गाण्यात स्वरमंडळ छेडले आहे. ख्यालगायकाच्या मांडीवर आपण जे पाहतो तेच.

गाण्याची दोन रूपे तयार झाली. एक हळू व साधे. दुसरे जलद, तुताऱ्या व चेलो ह्यांनी भरलेले. लेननला पहिल्याचा आरंभ आवडला आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्ही जोडा म्हणून त्याने निर्माता जॉर्ज मार्टिन ह्याला सांगितले. दोहोंची लय निराळी, पट्टी निराळी. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक ह्यांनी फितींचा वेग कमीजास्त करून दोन्ही रूपे एका सुरात आणली आणि फीत कापून जोडली. हा सांधा गाण्याच्या पहिल्या मिनिटाच्या शेवटी आहे. लक्ष देऊन ऐकल्यास आवाज किंचित जड झाल्याचे जाणवते. स्मरण असेच चालते. दोन निरनिराळ्या काळांचे तुकडे आपण एकत्र सांधतो आणि हे असेच घडले म्हणून सांगतो.

मॅकार्टनीचे ‘पेनी लेन’ म्हणजे ह्या गाण्याला जणू उत्तरच. त्याचे काम २९ डिसेंबरला सुरू झाले. १९६७ च्या जानेवारीत मॅकार्टनीने दूरचित्रवाणीवर बाखचा दुसरा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तो ऐकला. त्यातील उंच स्वराच्या लहान तुतारीने तो इतका मोहून गेला, की १७ जानेवारीला तो वादक, डेव्हिड मेसन, स्टुडिओत आला. मॅकार्टनीने सूर गुणगुणून दाखवावेत, मार्टिनने ते कागदावर उतरावेत, मेसनने वाजवावेत, असा प्रकार झाला.

लेननचे गाणे धूसर आहे. आपल्याला काही नीट समजत नाही असे सांगणाऱ्या माणसाचे आहे. मॅकार्टनीचे लख्ख आहे. त्यात न्हावी आहे, बँकवाला आहे, अग्निशामक दलाचा शिपाई आहे, पोरे आहेत. परंतु हे चित्र जरा तपासून पाहावे. ह्या गाण्यात मुसळधार पाऊस आहे आणि आकाशही निळे आहे. एक परिचारिका थाळ्यातून कागदी अफूची फुले विकते आहे. ही फुले इंग्लंडात युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ नोव्हेंबरात विकतात. पण भोवती वारे उन्हाळ्याचे आहेत. अग्निशामक केंद्र प्रत्यक्षात त्या चौकात नाही, काही अंतरावर मॅदर ॲव्हेन्यूवर आहे. मॅकार्टनीने हे चुकून केले असे समजण्याचे कारण नाही. दहा वर्षांच्या येण्याजाण्यात जे जे दिसले, ते त्याने एका क्षणात, एका चौकात आणून उभे केले.

आता ह्या गाण्यांत काय नाही ते पाहू. कारण पुराव्याची परीक्षा करताना जे गाळले आहे तेही बोलते. १९४१ च्या मे महिन्यात उद्ध्वस्त झालेले शहर येथे नाही. युद्ध आहे ते त्या परिचारिकेच्या थाळ्यातील फुलांपुरतेच. दोघांच्याही आया ह्या गाण्यांत नाहीत. त्या परिचारिकेत मेरी मॅकार्टनी शोधण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ज्युलियाच्या नावाचे गाणे लेननने पुढे १९६८ साली केले. येथे तो तिच्याविषयी गप्प आहे. आणि आश्रमातली मुलेही ह्या गाण्यांत नाहीत. लेनन तेथे कधी राहिला नव्हता. भिंतीबाहेरून येणाऱ्या मुलाची ती खेळण्याची जागा; आत राहणाऱ्या मुलाचे ते घर, आणि तेही घर नसल्यामुळे मिळालेले. एकाच आवाराच्या ह्या दोन आठवणी. एक जगभर गायिली गेली, दुसरीला तबकडी मिळाली नाही. बालपणाची गोड आठवण ऐकताना, त्याच अंगणात दुसरे कोण होते, हा प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे.

तबकडीचे पुढे काय झाले? खरे तर ही गाणी एका मोठ्या संग्रहासाठी मुद्रित होत होती. परंतु १९६६ च्या ऑगस्टनंतर बीटल्सची एकही नवी ‘सिंगल’ निघाली नव्हती. व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाईन आणि कंपनी ह्यांच्या निकडीमुळे ही दोन गाणी आधी काढावी लागली, आणि त्यामुळे त्या वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’ संग्रहात ती गेली नाहीत. ही आपल्या कारकीर्दीतील सर्वांत मोठी चूक, असे मार्टिनने पुढे म्हटले. इंग्लंडात ‘रेकॉर्ड रिटेलर’ ह्या पत्राच्या खपाच्या यादीत तबकडी दुसऱ्या क्रमांकावर अडली. १९६३ पासून बीटल्सची तेथील सलग यशाची मालिका त्यामुळे तुटली. पहिल्या क्रमांकावर होता एंगलबर्ट हंपरडिंक हा गायक. गंमत अशी की, त्याचे स्वतःचे बालपण मद्रासमध्ये गेले होते. पण त्याच्या त्या गाण्यात मद्रासचा मागमूस नाही. अमेरिकेत मात्र ‘पेनी लेन’ मार्चमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

गाण्याने मग गावालाच बदलावयास सुरुवात केली. पेनी लेनच्या नावाच्या पाट्या चाहते इतक्या वेळा पळवू लागले की नगरपालिकेस नाव भिंतींवरच रंगवून घ्यावे लागले. मॅकार्टनीचे फोर्थलिन रोडवरील घर १९९५ मध्ये नॅशनल ट्रस्टने घेतले. लेननच्या मावशीचे घर २००२ मध्ये त्याची विधवा पत्नी योको ओनो हिने विकत घेऊन त्याच संस्थेस दिले. शिवाजीचे किल्ले जपावे तशी दोन साधी मध्यमवर्गीय व कामगारवर्गीय घरे आता जपली जातात.

परंतु त्याच नावावर एक गंभीर वादही उठला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूल हे ब्रिटिश गुलामांच्या व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर होते. १८०७ साली पार्लमेंटने हा व्यापार बंद केला, पण त्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शहरातील अनेक रस्त्यांना त्या व्यापाऱ्यांची नावे आहेत. जेम्स पेनी हा त्यांतलाच एक. गुलामांच्या व्यापाराच्या बाजूने त्याने सरकारी चौकशीपुढे साक्षही दिली होती. मग पेनी लेन त्याच्याच नावाची काय? २००६ साली अशा रस्त्यांची नावे बदलण्याची सूचना आली तेव्हा हा मुद्दा निघाला, आणि हे नाव मात्र नको बदलावयास, असे लोकांनी म्हटले. २०२० च्या जून महिन्यात त्या पाट्यांवर काळा रंग फासण्यात आला. तेव्हा तेथील आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालयाने नव्याने शोध घेतला, आणि रस्त्याचा त्या व्यापाऱ्याशी संबंध दाखविणारा पुरावा मिळत नाही, असा निर्णय दिला.

ह्या वादाचा निकाल लागला म्हणून कोणी सुटकेचा निःश्वास टाकील. माझे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जाते. एका गाण्याच्या गोडीमुळे लाखो लोकांनी त्या रस्त्याचा इतिहास प्रथमच विचारला. रस्ता निर्दोष ठरला, पण शहर ठरले नाही. आणि ही चौकशी, रंजनाच्या मागे लागलेल्या माणसांनी पाट्या पळविल्या नसत्या, तर कदाचित इतक्या मोठ्याने झालीच नसती.

स्ट्रॉबेरी फील्डची जुनी हवेली १९७० नंतरच्या दशकात पाडण्यात येऊन लहान इमारत उभी राहिली. आश्रम २००५ मध्ये बंद झाला. १९८० च्या ८ डिसेंबरला लेननची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाल्यानंतर १९८५ मध्ये तेथल्या सेंट्रल पार्कच्या एका भागास हेच नाव देण्यात आले होते. मूळ जागा मात्र ओस पडली. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये मुक्तिफौजेने ती लोकांसाठी उघडली. पाहुणे तांबडे फाटक पाहावयास येतात, आणि शिकण्यात अडचण असलेल्या तरुणांना कामधंद्याचे शिक्षण तेथे दिले जाते. गाण्यात ज्यांना जागा मिळाली नव्हती त्यांच्या पुढच्या पिढ्यांस गाण्याच्या नावावर आलेल्या पैशाचा उपयोग होतो आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही गाणी १९५० च्या लिव्हरपूलचा पुरावा आहेत काय? तसा त्यांचा उपयोग करू जाल तर फसाल. ऋतू जुळावयाचे नाहीत आणि अंतरे जुळावयाची नाहीत. ती १९६६–६७ च्या हिवाळ्याचा पुरावा आहेत. पंचविशीच्या आसपासची, अतोनात कीर्ती मिळालेली आणि तिला विटलेली, आईवेगळी दोन मुले त्या हिवाळ्यात कशासाठी भुकेली होती, हे त्यांतून अचूक कळते. त्यांना भूक होती ती न्हाव्याच्या दुकानाची, बसच्या थांब्याची, आणि भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या बँडची; म्हणजे ज्या जगात त्यांना कोणी ओळखत नव्हते त्या जगाची.

प्रत्येक आठवणीला दोन तारखा असतात. जे घडले त्याची एक, आणि जेव्हा आठवले त्याची दुसरी. आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी, चरित्रे, गावांच्या जुन्या कथा वाचताना आपण पहिली तारीख तेवढी पाहतो आणि दुसरी विसरतो. मग एक तर सारे खरे मानून बसतो, नाही तर सारे भाबडे म्हणून टाकून देतो. दुसरी तारीख विचारली, आणि त्या अंगणात आणखी कोण होते हेही विचारले, म्हणजे गोड आठवण खोटी पडत नाही. तिच्यातले रंजन कायम राहते, आणि होफरला दिसलेले दुखणेही आपणांस दिसू लागते.